घरातला खाऱ्या पाण्याचा टँक: खडपातला दगड आणायच्या आधी हे वाचा



१ जूनला बंदी लागली की होड्या वर येतात, जाळी दुरुस्तीला निघतात आणि पोरं घरात बसतात. यंदा मोबाईलवर बघून बऱ्याच घरांत एकच खूळ शिरलंय, खाऱ्या पाण्याच्या टँकचं. निळा उजेड, हलणारी फुलं, मधे तो केशरी-पांढरा निमो. पोरांचा हिशोब सरळ आहे. समुद्र दारात, पाणी फुकट, दगड खडपात पडलेत, मासे आपल्याच जाळ्यात. शहरातले लोक ज्यासाठी एवढा पैसा ओततात, ते आपण जवळजवळ फुकटात करू.

सोसायटीच्या ऑफिसात याबद्दल विचारायला पोरांपेक्षा बापच जास्त येतात, कारण कोपऱ्यातली जागा, लाईटचं बिल आणि होडी ही सगळी त्यांची. म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहोत. पोरांना नाउमेद करायचं नाही. घरात असा टँक नीट चालवता येतो आणि मासेमाराच्या पोराला तो इतरांपेक्षा लवकर जमतो, असं आमचं मत आहे. पण समुद्राची जी माहिती आपल्याला आहे ती अर्ध्या ठिकाणी कामाला येते आणि अर्ध्या ठिकाणी घात करते. कुठे काय, ते खाली सांगतो.

पहिली गोष्ट होडीची. खडपातला दगड आणायचा नाही. जिवंत नाही, मेलेला पांढरा पडलेलाही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ साली दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती आल्या. त्यांच्याबरोबर काळं प्रवाळ, अंगाला लागल्यावर आग होते ते प्रवाळ, जाळ्यात अडकून येणारे समुद्रपंखे आणि समुद्री घोडेसुद्धा आले. वाघ मारणाऱ्याला जो कायदा लागतो तोच हा. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैदेची होऊ शकते. त्यातलं आपल्या कामाचं कलम वेगळंच आहे, आणि ते फार कोणी वाचत नाही: गुन्ह्यात वापरलेलं वाहन, होडी, हत्यार, सापळा जप्त झालं की ते सरकारची मालमत्ता ठरतं. म्हणजे पोराने बादलीभर दगड आणले म्हणून बापाची होडी जाऊ शकते. होडीवर कर्ज असेल तर हप्ते चालूच राहतात. कोणी ओळखीचा माणूस येऊन ‘लाईव्ह रॉक’ किलोच्या भावाने मागत असेल, तर तो घेऊन जाईल आणि जेटीवर पकडली जाईल ती तुमची होडी, हे लक्षात ठेवावं. जाळ्यात प्रवाळाचा तुकडा किंवा समुद्री घोडा आलाच, तर तो तिथल्या तिथे पाण्यात सोडावा, जेटीपर्यंत आणू नये.

कायदा बाजूला ठेवला तरी त्यात आपलाच तोटा आहे. ग्रँड आयलंडच्या आजूबाजूला, तिकडे मालवणला, जे थोडंफार प्रवाळ आहे त्याच्या कपारीतच गोबरे, तांबोशी आणि शेवंड वाढतात. गोल डोक्यासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतं. नारळाएवढा एक दगड म्हणजे दहा-बारा वर्षांची वाढ. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्याच्या बाजूने-विरुद्ध आपल्या लोकांत पुष्कळ वाद झाले. ते वाद आज इथे काढत नाही. पण कपार फुटली की मासा तिथे थांबत नाही, याच्यावर वाद असायचं कारण नाही.

आता टँककडे येऊ. प्रवाळ हा दगड नाही आणि झाडही नाही. तो प्राणी आहे. समुद्रफुलाचा भाऊबंद, पण अंगाखाली चुन्याचं घर बांधणारा. त्याच्या कातडीत बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर साखर तयार करतं आणि प्रवाळाला खायला घालतं. म्हणून प्रवाळाला उजेड लागतो, स्वच्छ पाणी लागतं आणि लाट लागते. पाणी जास्त तापलं की ते शेवाळ प्रवाळाला सोडून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. १९९८, २०१० आणि २०१६ साली जगभर हे झालं, आणि २०२४ मध्ये लक्षद्वीपला पुन्हा मोठ्या प्रमाणात झालं. समुद्रात जे घडायला आठवडे लागतात, ते दीडशे लिटरच्या काचेच्या पेटीत एका दुपारी घडू शकतं. टँक अवघड का, याचं उत्तर एवढंच आहे. समुद्र मोठा आहे, चूक पोटात घेतो. पेटी घेत नाही.

म्हणून फार लहान टँक घेऊ नये. लोकांना वाटतं लहान म्हणजे सोपा, पण इथे उलट आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा टँक सुरुवातीला बरा. त्यात काठोकाठ १९० लिटर मावतं, दगड-वाळू धरून आणि वर चार बोटं सोडून खरं पाणी दीडशे लिटरच्या आसपास राहतं. काच, दगड, स्टँड मिळून वजन पावणेतीनशे-तीनशे किलोवर जातं, म्हणून जुन्या लाकडी माडीवर ठेवू नये, खालच्या जमिनीवर भिंतीलगत ठेवावा. खिडकीचं ऊन थेट पडेल तिथे नको, ऊन पडलं की पाणी तापतं आणि काचा हिरव्या होतात.

पाण्याबद्दल आपल्या लोकांचा गैरसमज सगळ्यात मोठा, म्हणून यावर जास्त लिहितो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. प्रवाळाला हा आकडा ३५ च्या आसपास, आणि रोज सारखा हवा. बंदीच्या दिवसांत, म्हणजे पोरांना वेळ असतो नेमका तेव्हा, मांडवी आणि जुवारीचं गोडं पाणी मुखाबाहेर पसरलेलं असतं. किनाऱ्याचं पाणी तेव्हा चवीला खारट लागतं पण मोजलं तर कमी भरतं. जिभेवर भरवसा नको. रिफ्रॅक्टोमीटर नावाची लहान नळी मिळते. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून उजेडाकडे बघितलं की आकडा दिसतो. तीच घ्यावी, आणि ३५ च्या तयार द्रावणावर अधूनमधून तपासून घ्यावी.

जेटीवरचं पाणी कधीच नको. मालिम असो, खारीवाडा असो की कुटबण, जिथे होड्या लागतात तिथे डिझेल, बिल्जचं तेल, मासळी धुतलेलं पाणी असतंच. शिवाय होडीच्या बुडाला आपण जो रंग लावतो, त्यात तांबं असतं. शेवाळ आणि कालवं बुडाला चिकटू नयेत म्हणूनच ते घातलेलं असतं. जे कालवाला मारतं ते प्रवाळालाही मारतं. त्याच कारणाने होडीच्या कामाची बादली, रंगाचा जुना डबा, पितळी कॉक किंवा तांब्याची नळी टँकच्या पाण्याला लावू नये. माशांच्या दुकानात मिळणारं तांबं असलेलं औषधही प्रवाळाच्या टँकमध्ये टाकू नये.

समुद्राचंच पाणी वापरायचं तर ते हंगामात आणावं. पाऊस पूर्ण थांबून नदीचं पाणी निवळलं की, नोव्हेंबर-डिसेंबरात, होडी बाहेर जातेच तेव्हा खाडीच्या मुखापासून लांब, खोल पाण्यात, इंजिनच्या विरुद्ध बाजूने, खाण्याच्या वस्तूंचे स्वच्छ कॅन भरून घ्यावेत. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी पाणी हिरवट होतं आणि रात्री जाळं ओढताना चमकतं. कधी पाण्यावर लाकडाच्या भुशासारखा तवंग दिसतो. ते बारीक जीव माजलेले असतात. त्या दिवशी पाणी भरू नये. आणलेलं पाणी अंधारात, झाकून, दोन-तीन आठवडे ठेवावं, गाळ बसला की वरचं निवळ बारीक कापडातून गाळून घ्यावं. ज्यांची होडी रोज जाते त्यांना हा मार्ग स्वस्तात पडतो. बाकीच्यांनी मिठाचं तयार पॅकेट घ्यावं.

मीठ म्हटलं की इथे पुढचा गैरसमज येतो. घरात गोण्यांनी मिठागराचं मीठ असतं, समुद्रातूनच काढलेलं, मग तेच पाण्यात विरघळवलं तर काय हरकत? हरकत आहे, आणि ज्यांनी मिठागर चालताना बघितलंय त्यांना लगेच कळेल. आगरात पाणी आटतं तेव्हा आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम, मग मीठ. शेवटी जे कडू पाणी उरतं ते आगरी लोक बाहेर सोडून देतात. त्या कडू पाण्यात मॅग्नेशियम असतं. म्हणजे पाटीत भरलेल्या मिठात प्रवाळाला हवा असलेला चुनाही पुरेसा नाही आणि मॅग्नेशियमही नाही. एक आधीच गेलं, दुसरं नंतर गेलं. सुंगटं खारवायला ते मीठ चांगलं, टँकला नाही. टँकसाठी वेगळं बनवलेलं सागरी मीठ मिळतं, त्यात सगळे क्षार मापात घातलेले असतात. लिटरला साधारण ३६ ग्रॅम धरलं तर दीडशे लिटरला साडेपाच किलो लागतं. नंतर दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे १५ लिटर, म्हणजे अर्धा किलो मीठ. महिन्याचं सव्वादोन किलो धरा.

हे मीठ विरघळवायला विहिरीचं पाणी चालत नाही. आपली जमीन चिऱ्याची, पाण्यात लोह असतं, शेताजवळ खताचा अंश असतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आरओचं पाणी घ्यावं. पण घरातल्या पिण्याच्या आरओ मशीनमध्ये बऱ्याचदा चवीसाठी क्षार परत मिसळतात, तेव्हा टीडीएसच्या पेनाने मोजून बघावं. आकडा शून्याच्या जवळ हवा. जास्त येत असेल तर क्षार मिसळायच्या आधीची नळी मेकॅनिककडून काढून घ्यावी.

आता सगळ्यात जास्त टँक जिथे बुडतात ती गोष्ट. पाणी आटतं तेव्हा क्षार आटत नाहीत. पंखा चालू असलेल्या टँकमधून दिवसाला दोन-तीन लिटर पाणी उडून जातं. पोरगं बघतं, पातळी कमी झाली, खाऱ्या पाण्याचा टँक आहे म्हणून खारं पाणी ओततं. तिथेच चुकतं. समजा दीडशे लिटरमधलं रोज तीन लिटर उडालं आणि पाच दिवस कोणी बघितलं नाही, तर ३५ चं पाणी ३९ वर जातं. मग खारं ओतलं की आणखी वर. पातळी भरायची ती गोड्या, आरओच्या पाण्याने, आणि रोज. खारं पाणी फक्त बदलताना. काचेवर पातळीची एक रेघ मारून ठेवावी आणि हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्यावं. दोघांकडे दिलं की दोघांनाही वाटतं दुसऱ्याने केलं.

दगडाचं काय करायचं? सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले कोरडे दगड विकत मिळतात, ते घ्यावेत. घरी करायचे असतील तर पांढरं सिमेंट आणि उकळून, सुकवून फोडलेली तिसऱ्या-कालवांची कवचं यांचा गोळा करता येतो. आपल्या घराच्या मागे कवचांचा ढीग असतोच. पण असा दगड गोड्या पाण्यात कित्येक आठवडे, पाणी बदलत बदलत, भिजवावा लागतो, कारण सिमेंटमधला चुना सुटून पाण्याचा पीएच वर नेतो. घाई केली तर पहिलाच मासा जातो. चिरा किंवा नदीतला काळा गोटा नको.

दगड, पाणी, पंप लागले की लगेच मासे सोडायचे नाहीत. बर्फाच्या फॅक्टरीत अमोनिया गळला की डोळे कसे चुरचुरतात ते आपल्याला माहीत आहे. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून टँकमध्ये तोच अमोनिया तयार होतो. समुद्रात तो खाणारे जिवाणू दगडादगडावर असतात. नव्या टँकमध्ये ते नसतात, वाढवावे लागतात. रिकाम्या टँकमध्ये कोळंबीचा एक लहान तुकडा टाकून कुजू द्यावा, किंवा बाटलीत मिळणारे जिवाणू घालावेत, आणि टेस्ट किटने दर दोन-तीन दिवसांनी मोजावं. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरून नायट्राइट चढतो, मग तोही उतरून नायट्रेट उरतं. पहिले दोन शून्यावर आले की टँक तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलेला टँक बंदी उठायच्या सुमारास मासा घ्यायला तयार होतो. तेवढा धीर नसेल त्याने हे काम हातात घेऊ नये.

उरलेलं नायट्रेट पाणी बदलून काढायचं आणि काही काम स्किमर करतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर पिवळट फेस येऊन पडतो तो आठवा. पाण्यातली सडकी, चिकट घाण बुडबुड्यांना धरून वर येते म्हणून तो फेस होतो. स्किमर म्हणजे तेच यंत्र. बुडबुडे करतं, घाणेरडा फेस वरच्या कपात जमवतं, तो कप आपण धुवायचा. लाटेसाठी आत दोन लहान पंप लावतात, तेही समोरासमोर, म्हणजे पाणी कधी इकडून कधी तिकडून फिरतं. एकाच दिशेने धार मारली तर प्रवाळ मिटून बसतं.

उजेड एलईडीचा, निळा जास्त आणि पांढरा कमी. खोल पाण्यात निळाच उजेड पोचतो, शेवाळाला तोच लागतो. दिवसाला आठ ते दहा तास पुरे. पोरं रात्री मित्रांना दाखवायला चालू ठेवतात, ते बंद करावं. त्याने प्रवाळ वाढत नाही, काचेवरचं शेवाळ मात्र वाढतं.

परदेशी व्हिडिओत पाणी तापवायचा हीटर दाखवतात. आपल्याकडे अडचण उलटी आहे. पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवायचं, आणि एप्रिल-मेमध्ये घरातलं पाणी तीसच्या वर सहज जातं. पाण्यावर पंखा मारला तर ते दोन-तीन अंश उतरतं, पण पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग कमी होतो. पूर्ण भरवसा हवा तर चिलर लागतो. इथे बापांनी कान द्यावेत. पंप, स्किमर मिळून ६५ वॅट चोवीस तास आणि उजेड १०० वॅट नऊ तास धरला तर दिवसाचं अडीच युनिट होतं. २८० वॅटचा चिलर दिवसातले बारा तास चालला तर आणखी साडेतीन युनिट. म्हणजे दिवसाचे सहा, महिन्याचे १८० युनिट, तुमच्या आत्ताच्या बिलाच्या वर. हा आकडा मान्य असेल तरच पुढे जा. मधेच चिलर बंद करून बघू म्हणणाऱ्याचं प्रवाळ मे महिना काढत नाही.

लाईट गेली तर? पावसात जातेच. पंप थांबले की तापलेल्या पाण्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो. सेलवर चालणारा हवेचा पंप स्वस्तात मिळतो. काहींनी जिवंत आमिष टिकवायला तो ठेवलेलाही असतो. तो टँकजवळ ठेवावा. इन्व्हर्टर असेल तर लाटेचा एकच पंप त्याला जोडावा, उजेड नको. अंधाराने प्रवाळ एका रात्रीत मरत नाही, श्वास कोंडला तर मरतं.

आत काय ठेवायचं? सुरुवातीला क्लाऊन फिशची एक जोडी आणि आणखी एखाद-दुसरा लहान मासा, एवढंच. दीडशे लिटरला ते भरपूर झालं. क्लाऊन हॅचरीत जन्मलेला मागावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने याची पैदास आपल्या देशात बसवून दिली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला घ्यायचं कारण नाही. हॅचरीतला मासा दाणा खातो, टिकतो. आपल्या रापणीत आलेली रंगीत पिल्लं टँकमध्ये सोडायचा मोह होतो. जाळ्यात घासलेला मासा वरून बरा दिसतो, पण तीन-चार दिवसांत अंगावर पांढरं येतं आणि तो सगळ्यांना घेऊन जातो. काटेवाला शिंगाळ्याच्या जातीचा मासा, फुगणारा केंड, पंखांचा लायन फिश यांचं तर नावच नको. घरात लहान मुलं असतात. ओहोटीच्या जागेतले शंख आणून टाकणारेही आहेत. त्या शंखांना पाण्याबाहेर राहायची सवय असते, ते रात्री काच चढून बाहेर येतात आणि सकाळी सोफ्याखाली वास येतो. निमुळता, नक्षीदार कोन शंख तर हातातही धरू नये, त्याचा डंख माणूस मारू शकतो.

दगडी प्रवाळ कायद्यात आहे हे वर सांगितलं. मऊ प्रकार वेगळे असतात: लेदर, मशरूम, झोआंथिड. नवख्याला जमतात तेही हेच. ते दुकानातूनच घ्यावेत, पक्की पावती घ्यावी, आणि पावती टँक असेपर्यंत जपून ठेवावी. दुकानदार पावती देत नसेल तर त्या मालाला हात लावू नये, मग तो कितीही ओळखीचा असो. एक इशारा झोआंथिडबद्दल. बटणाएवढी रंगीत फुलं दिसतात, पण त्यातल्या काही जातींत अतिशय जहाल विष असतं. ती असलेला दगड उकळायचा नाही, ब्रशने कोरडा खरवडायचा नाही. वाफेतून आणि शिंतोड्यातून ते अंगात जातं, परदेशात अशा प्रकारात सगळं कुटुंब हॉस्पिटलात गेल्याच्या घटना आहेत. हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात घालू नये, आणि आपल्या हातांना जाळ्याच्या, काट्याच्या जखमा नेहमीच असतात. हातमोजे घालावेत.

खाणं चिमटीभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच. घरच्या बायका प्रेमाने सुका जवळा टाकतात, तो खारवलेला असतो आणि कुजला की शेवाळ माजतं. ताजी बिनमिठाची कोळंबी बारीक चिरून, धुऊन, आठवड्यातून दोनदा चालते.

प्रवाळ वाढू लागलं की तो पाण्यातला चुना खातो. तेव्हा किटने आठवड्याला मोजावं: कॅल्शियम ४०० ते ४५०, केएच ८ ते ९, मॅग्नेशियम १२५० ते १३५०. टँक नवा असताना पाणी बदलण्यातूनच हे भरून निघतं, वेगळी बाटली घ्यायची गरज नाही. आकडा कमी आला म्हणून एकदम ओतू नये. आज ७ असलेला केएच उद्या १० केला तर कमी आकड्यापेक्षा जास्त नुकसान होतं. वहीत तारीख घालून आकडे लिहावेत. पोरं मोबाईलमध्ये लिहितात, तेही चालेल, पण लिहावेत.

कंटाळा आला, टँक मोडायचा झाला, तर आतलं काहीही खाडीत किंवा समुद्रात सोडायचं नाही. पुण्याचं काम वाटतं, पण नसतं. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या समोर टँकमधलं एक शेवाळ समुद्रात दिसलं. ते पुढे भूमध्य समुद्रात एवढं पसरलं की तिथल्या मासेमारांच्या जाळ्यांना त्रास झाला. आपल्याकडचा लायन फिश अमेरिकेच्या किनाऱ्यावर असाच गेला आणि आता तिथली लहान मासळी खाऊन बसलाय. मासे दुसऱ्या टँकवाल्याला द्यावेत किंवा दुकानदाराला परत करावेत. पाणीसुद्धा खाडीत नको, घरच्या सांडपाण्यात जाऊ द्यावं, माडाच्या आळ्यात नेहमी ओतू नये.

काही सभासदांनी विचारलं की यातून पैसे मिळतात का. शोभेच्या टँकमधून नाही. क्लाऊनची पैदास हे वेगळं काम आहे, आणि ते घरात होऊ शकतं. हे मासे सगळे आधी नर असतात. जोडीतला मोठा मादी होतो. मादी मेली तर उरलेला नर मादी होतो. सपाट दगडावर अंडी घालतात, नर राखण करतो, सातव्या-आठव्या रात्री अंधारात पिल्लं सुटतात. त्यांना पहिले दिवस रोटिफर नावाचा डोळ्याला जेमतेम दिसणारा जीव खायला लागतो, आणि तो आपण वेगळा वाढवावा लागतो. खरी मेहनत माशांपेक्षा त्या रोटिफरची आहे. सकाळ-संध्याकाळ बघणारं माणूस घरात हवं. ज्या बचत गटातल्या बायकांना यात रस आहे त्यांनी ऑफिसात नाव द्यावं. पाच-सहा नावं आली तर प्रशिक्षणाची चौकशी सोसायटीतर्फे करू.

सोसायटीच्या ऑफिसात एक रिफ्रॅक्टोमीटर आणि टीडीएसचं पेन ठेवलं आहे. सभासदांच्या घरचं पाणी फुकट मोजून देऊ. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून, काठोकाठ भरून आणावी, सकाळी १० ते १ या वेळेत. बाटलीवर नाव आणि पाणी कुठून, कधी भरलं ते लिहावं. रविवारी ऑफिस बंद.